अल्ब्युमिन : निल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आजही एकच आहे: शेजारच्या काकांचे. ते माझे सख्खे काका नव्हेत. झाशीच्या प्रेम नगरात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या आणि त्यांचं घर यांच्यामध्ये कंबरेएवढी भिंत होती, आणि त्या गल्लीत मराठी बोलणारी घरं ही दोनच, एवढंच आमचं नातं. माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे हेल्पर, होते, बदली होऊन भुसावळहून आलेले. काका एका सरकारी कारखान्याच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. रक्त, लघवी, थुंकी तपासायची आणि रिपोर्ट लिहायचा हे त्यांचं काम.

आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी बारावी झालो तेव्हा वडिलांनी जवळच्या समथर गावातल्या एका ओळखीच्या कापडवाल्याशी बोलून ठेवलं होतं. गिऱ्हाइकापुढे थानं उलगडायची आणि पुन्हा गुंडाळायची. काकांच्या कानावर गेलं, तेव्हा ते भिंतीपलीकडून म्हणाले, "अहो, पोराला रसायनात पंच्याऐंशी आहेत आणि तुम्ही त्याला थानं उलगडायला पाठवताय? त्यापेक्षा माझ्याकडे बाटल्या धुवायला पाठवा. निदान काही कानावर तरी पडेल."

वडील हसले. ते हसले म्हणूनच मी बी.एस्सी. झालो. कॉलेजचा फॉर्म काकांनी भरला, कारण वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि मला रकाने भरायची भीती वाटायची. तीन वर्षं रोज संध्याकाळी मी त्यांच्या पडवीत बसून शिकलो. माझ्या मराठीत तोपर्यंत इतकं हिंदी मिसळलं होतं की काकू म्हणायच्या, "याला आधी मराठी शिकवा, मग केमिस्ट्री." काका म्हणायचे, "केमिस्ट्रीने पोट भरेल. मराठी काय, माझ्याशी भांडताना आपोआप येईल."

बाविसाव्या वर्षी काकांच्याच कारखान्यात रंग आणि तेल तपासण्याच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा निघाली. मी लेखी परीक्षा पास झालो, मुलाखत झाली. राहिली फक्त मेडिकल.

नोकरदार वस्तीत वाढलेल्या माणसाला मेडिकल या शब्दाची धास्ती सांगायला नको. बबीन्याच्या छावणीतल्या एका सुभेदाराचा मुलगा माझ्याबरोबर कॉलेजात होता. लष्कराच्या भरतीत दौडीत पहिला, लेखीत पहिला, आणि डोळ्यात रंग ओळखायचा दोष निघाला म्हणून अनफिट. त्यानंतर तो कुठल्याही लग्नात दिसला नाही. आमच्या घरी आईने अनफिट हा शब्द उच्चारायला बंदी केली होती.

मेडिकलच्या सकाळी काका भिंतीशी आले. "लायनीत कशाला उभा राहतोस? आपला माणूस आत बसलाय ना. लघवीची बाटली इकडे दे." मी बाटली दिली. त्यांनी ती पिशवीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवली, सायकलवर टांग मारली आणि गेले. संध्याकाळी फाटकातूनच ओरडले, "पेढे काढा! रिपोर्ट नंबर वन!" घरात पेढे नव्हते. आईने त्यांच्या हातावर साखर ठेवली. मी त्यांच्या पाया पडलो. वडील भिंतीला टेकून उभे होते.

कारखान्यात दर वर्षी कामगारांची तपासणी होते. बाकीचे दवाखान्याच्या व्हरांड्यात हातात बाटली लपवत रांगेत उभे राहत. मी नाही. माझी बाटली काका घरून नेत. पुढे माझी तिशी झाली, रक्तही तपासायला लागले, तेव्हा ते माझ्या घरी येऊन खाटेवर बसवून रक्त काढत. आमच्या गणपती मंडळात यावरून थट्टा चालायची. "याचं बघा, लघवीसुद्धा घरपोच!" मला त्याचा अभिमान होता. दूरच्या मुलखात शे-सव्वाशे मराठी घरं असली की प्रत्येक ठिकाणी आपला एक माणूस असावा असं वाटतं. तिकीट खिडकीवर एक, पोस्टात एक, शाळेत एक. लॅबमध्ये आमचे काका होते. आपला माणूस असला की आपण विचारायचं नसतं, फक्त सोपवायचं असतं. ही आमच्या लोकांची रीत आहे आणि मी ती मनापासून पाळली.

रिपोर्टचा छापील फॉर्म दर वर्षी माझ्या हातात यायचा. अल्ब्युमिन : निल. शुगर : निल. खाली काकांची सही. पंधरा वर्षांचे पंधरा फॉर्म मी पदवीच्या प्रमाणपत्राबरोबर एकाच फायलीत ठेवले होते.

माझं लग्न ठरलं तेव्हा सासरे भोपाळहून आले होते. वडील तोवर गेले होते, म्हणून घरचे वडीलधारे म्हणून काकाच बैठकीत बसले. सासऱ्यांनी विचारलं, "मुलाची तब्येत कशी?" काका म्हणाले, "दर वर्षी माझ्या हातून तपासली जाते. खणखणीत." सासऱ्यांनी पुढे काही विचारलं नाही.

मधल्या वर्षांत काही गोष्टी होत गेल्या. सकाळी लघवीला साबणासारखा फेस यायचा. मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "पाणी कमी पितोस. आणि लोणचं-पापड बंद कर." डोकं दुखायचं, मी दुकानातून दुखण्याची गोळी आणून घ्यायचो, कधी आठवड्याला चार, कधी रोज. काकांनी एकदा माझ्या खिशातली पट्टी काढून घेतली. "या गोळ्यांनी पोट बिघडतं." माझं पोट कधी बिघडलं नाही, म्हणून मी घेत राहिलो.

दोन वर्षांपूर्वी काका निवृत्त झाले. काकू आधीच गेल्या होत्या, म्हणून नाशिकला मुलीकडे राहायला जायचं ठरलं. सामान बांधून झाल्यावर मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी यायच्या आधी ते म्हणाले, "एकदा बाहेरून पण तपासून घे सगळं. दुसऱ्या लॅबमधून." मी म्हटलं, "कशाला काका? तुमच्यापेक्षा कोण चांगलं तपासणार?" ते गाडी येण्याच्या दिशेने बघत राहिले. त्यानंतर दोन्ही वर्षं मी कारखान्याच्या तपासणीला गेलोच नाही. पंधरा वर्षं नंबर वन असलेल्या माणसाने रांगेत कशाला उभं राहायचं?

या वर्षी डाव्या कुशीत दुखायला लागलं. सोनोग्राफी केली. तिच्यात डाव्या मूत्रपिंडावर एक गाठ दिसली, साधी पाण्याची की आणखी कसली हे कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, डाय देऊन सीटी स्कॅन करा. डाय म्हणजे शिरेतून सोडायचं एक औषध, ज्यामुळे आतले अवयव स्कॅनमध्ये उठून दिसतात.

मी आणि बायको सकाळी उपाशीपोटी स्कॅन सेंटरला पोचलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "भैया, क्रिएटिनिन की रिपोर्ट?"

"ती नाही. मतलब, नहीं है."

"तो डाई कैसे चढ़ेगी?"

मागून स्कॅनवाला बाहेर आला. "भाईसाहब, डाई किडनी से निकलती है. पहले देखना पड़ेगा कि किडनी निकाल पाएगी कि नहीं. दीवार पे पेंट थोड़ी कर रहे हैं."

मी म्हटलं, "मेरी किडनी एकदम ठीक है. पंद्रह साल की रिपोर्ट है घर पे."

"बहुत बढ़िया. तो आज की भी अच्छी आएगी. ख़ून और पेशाब दोनों दे दीजिए, सामने ही लैब है."

बायको हसली. "द्या. या वेळेला काका नाहीत, स्वतःच चालत जा." आयुष्यात पहिल्यांदा मी हातात बाटली लपवत रांगेत उभा राहिलो.

दुपारी रिपोर्ट आला. क्रिएटिनिन दोन पॉइंट तीन. त्याखाली मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता सांगणारा आकडा, छत्तीस. तो नव्वदच्या वर असायला हवा. लघवीत प्रोटीन तीन प्लस, आणि थोड्या रक्तपेशी. स्कॅनवाल्याने कागद पाहिला आणि त्याचा आवाज बदलला. "सर," तो म्हणाला. सकाळी मी भाईसाहब होतो. "पहले किडनी के डॉक्टर को दिखा लीजिए."

मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे. हे आकडे मला समजायला हवे होते, आणि समजलेही. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या कामातून रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. रक्तात तो दुप्पट साठला याचा अर्थ टाकणारे थकले आहेत. आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन, ते लघवीत उतरायचंच नसतं. समजलं, पण पटलं नाही. लॅबची चूक असेल. बाटल्या बदलल्या असतील. रांगेत असं होतंच, म्हणून तर आपण रांगेत उभे राहत नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या प्रयोगशाळेत, सगळे जेवायला गेले असताना, मी स्वतःची लघवी टेस्ट-ट्यूबमध्ये घेतली आणि बर्नरवर तिचा वरचा भाग तापवला. ही जुनी पद्धत, काकांनीच पडवीत शिकवलेली. प्रोटीन असेल तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा गढूळपणा येतो. कधी कधी क्षारांमुळेही येतो, म्हणून वरून ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकायचे. क्षार असले तर विरघळतात. मी थेंब टाकले. आणखी टाकले. पांढरा थर तसाच राहिला. उजेडाकडे धरून मी तो किती वेळ बघत होतो कोण जाणे. सहकारी डबा खाऊन परत आला आणि म्हणाला, "क्या भाई, आज कौन सा तेल फेल कर दिया?"

किडनीच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच होत्या. मी पंधरा रिपोर्टांची फाईल त्यांच्यापुढे ठेवली. तिच्यात वरच माझं पदवीचं प्रमाणपत्र होतं, ते त्यांनी अदबीने बाजूला केलं. माझं ब्लडप्रेशर घेतलं, एकशे सत्तर. पुन्हा घेतलं. मग सोनोग्राफीचा कागद घेतला.

"दोनों किडनी छोटी हो गई हैं. ये एक-दो साल का काम नहीं है. प्रोटीन बहुत पहले से जा रहा होगा."

"पण मॅडम, रिपोर्ट..."

त्या एकेक फॉर्म उलटत गेल्या. "पंद्रह साल में एक बार ट्रेस भी नहीं? इतना साफ़ तो मेरा भी नहीं आता." मग वर बघून विचारलं, "ये किसने किया है?"

"घर के आदमी हैं," मी म्हणालो.

त्यांनी फाईल बंद करून माझ्याकडे सरकवली. ते ‘घर के आदमी’ तोंडातून निघालं तेव्हाच मला कळलं होतं. फक्त मी त्या बाईंच्या समोर ते कळू द्यायला तयार नव्हतो.

बायकोने विचारलं, "पहले पता चलता तो?"

"तो प्रोटीन रोकने की गोली चलती. बीपी पर नज़र रहती. दर्द की गोलियाँ कोई खाने नहीं देता. बीमारी न होती, ये मैं नहीं कहूँगी. पर इस उम्र में छत्तीस नहीं होता."

मग त्यांनी स्कॅनचं सांगितलं. गाठ जास्त दिवस न बघता ठेवता येणार नाही, आणि नीट बघायची तर डाय हवा. पण डाय थकलेल्या मूत्रपिंडांना आणखी दुखवू शकतो. मूत्रपिंडं वर्षानुवर्षं हळूहळू इथवर आली असतील, तर सलाईन देऊन, काळजी घेऊन डाय देता येईल. मागच्या काही महिन्यांतच घसरली असतील, तर आत्ता हात लावायचा नाही. "एक नंबर से चाल नहीं पता चलती," त्या म्हणाल्या. "पुराना सही नंबर कहीं से मिले तो लाइए. नहीं तो पंद्रह दिन बाद फिर ख़ून देखेंगे, और गाँठ तब तक इंतज़ार करेगी."

घरी येऊन मी काकांना फोन लावला. पहिल्यांदा इकडचं-तिकडचं बोलणं झालं, नाशिकची हवा, नातवाची परीक्षा. मग मी म्हटलं, "काका, माझी किडनी खराब झालीय."

त्यांनी अरे देवा म्हटलं नाही. कशाने झाली, कधी कळलं, काहीच विचारलं नाही. म्हणाले, "क्रिएटिनिन कितीवर आहे?"

"दोन पॉइंट तीन."

"आणि युरिन?"

"तीन प्लस."

"तीनच ना?" त्यांनी श्वास सोडला. "चार नाही झालं म्हणजे."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. बायको समोर भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

"काका, तुम्हाला माहीत होतं."

"जेवलास का तू?"

"काका."

मग ते बोलायला लागले, आणि एकदम भराभरा. "पहिल्याच दिवशी होतं रे. नोकरीच्या मेडिकलला. दोन प्लस. मी तीनदा तापवून पाहिलं. मी लिहिलं असतं तर तू अनफिट. तुझ्या वडिलांची छाती तेव्हाच खराब झालेली, तुला माहीत नाही, मला माहीत होतं. मी अनफिट लिहिलं असतं तर तू आज समथरला थानं उलगडत बसला असतास."

"उलगडली असती, काका."

"असं म्हणू नकोस."

"बरं, नोकरी लागली. मग का नाही सांगितलंत?"

"पहिलं वर्ष प्रोबेशन. मग तुझे वडील गेले. मग तुझं लग्न. मग पोरगी झाली. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी सांगू. आणि मग... एवढी वर्षं निल लिहिल्यावर एकदम कसं लिहायचं रे? माझी नोकरी, माझी पेन्शन. तू तरी काय म्हणाला असतास?"

शेवटच्या दोन गोष्टी त्यांनी आधीच्या कारणांच्याच ओघात सांगून टाकल्या. तोवर मी ऐकून घेत होतो. पेन्शन हा शब्द मात्र मला वेगळा ऐकू आला.

"पण मी खरं कुठे पुसलं नाही," काका म्हणाले. "कच्ची वही आहे माझ्याकडे. तपासताना आधी कच्च्या वहीत लिहायचं आणि मग फॉर्मवर उतरवायचं, अशी आमची पद्धत. फॉर्मवर मी खोटं लिहिलं, पण तुझं दर वर्षीचं खरं रीडिंग त्या वहीत आहे. युरिनचं पण, रक्ताचं पण. निवृत्त होताना घेऊन आलो."

"शेवटचं क्रिएटिनिन किती होतं?"

"बघावं लागेल वहीत..." आणि त्यांचा आवाज फाटला. पलीकडे मुलीचा आवाज आला, "बाबा, कोण आहे? काय झालं?" आणि फोन बंद झाला.

बायको म्हणाली, "उपकार सगळे मान्य. मला एकच सांगा. दर वर्षी बाटली घ्यायला यायचे, माझ्या हातचा चहा प्यायचे. तेव्हा माझ्या तोंडाकडे कसं बघत असतील हो?"

मला आठवत होतं ते एवढंच की चहात साखर कमी पडली तर ते हक्काने मागून घेत.

पुढचे तीन दिवस मी फोन करत होतो. दर वेळी त्यांची मुलगी उचलायची. "दादा, बाबा झोपलेत," सकाळी अकरा वाजता. "दादा, बाबा देवळात गेलेत." तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही बाबांना काय बोललात? ते ताटावरून उठून जातात." मी तिला सांगितलं नाही. सांगायचं ते काकांचं काम आहे. पण पहिल्यांदा मनात आलं की आता मीही कुणापासून तरी आकडा लपवतोय, आणि तेही काकांसाठीच.

त्या दिवसांत मी खूप विचार केला. पहिल्या दिवसाचं निल मी समजू शकतो. बाविसाव्या वर्षी मला विचारलं असतं, तर मीच पाय धरून म्हटलं असतं, काका, निल लिहा. पण मला विचारलं नाही. आणि त्यानंतर चौदा वेळा ते माझ्या घरी आले, माझ्या शरीरातून काढलेलं काहीतरी घेऊन गेले, त्यात काय आहे ते पाहिलं आणि मला हसून सांगितलं, नंबर वन. मी स्वतःला पदवीधर समजत होतो, आणि ते मला अजून भिंतीपलीकडचं पोरच समजत होते, ज्याला खरं सांगायची गरज नसते. हे मला त्या आकड्यांपेक्षा जास्त लागलं. ज्या माणसाने मला वाचायला शिकवलं, त्यानेच माझं पान माझ्यापासून दुमडून ठेवलं.

चौथ्या दिवशी मी पत्र लिहिलं आणि स्पीड पोस्टाने पाठवलं. त्याची नक्कल माझ्याजवळ आहे. ती अशी:

"काकांना,

पत्राच्या सुरुवातीला मी नेहमी नमस्कार लिहितो. आज तो लिहायला घेतला आणि पुढे हात गेला नाही. हा कोरा राहिलेला भाग तुमच्या लक्षात येईल म्हणून आधीच सांगतो.

तुम्ही फोन घेत नाही, म्हणून लिहितो. मी भांडायला लिहीत नाही. भांडायचं आहे, पण ते समोर बसून करू. आत्ता माझ्याकडे तेवढा वेळ नाही.

माझ्या डाव्या किडनीवर एक गाठ आहे. ती काय आहे ते डाय देऊन स्कॅन केल्याशिवाय कळणार नाही. डाय द्यायचा की नाही हे डॉक्टर माझ्या जुन्या खऱ्या आकड्यांवरून ठरवणार आहेत. फायलीतले पंधराही रिपोर्ट त्यांनी बाजूला ठेवले. खरे आकडे जगात एकाच ठिकाणी आहेत आणि ते ठिकाण तुमच्या कपाटात आहे.

तुम्ही मला शिकवलं नसतं तर मी आज हे पत्र लिहू शकलो नसतो, हे मला माहीत आहे. घरात पोरीलाही मी हेच सांगत आलोय. ते खरं आहे आणि ते मी मागे घेणार नाही. पण तुम्ही माझ्या सासऱ्यांना जे सांगितलंत, माझ्या बायकोच्या घरात बसून जे सांगितलंत, स्टेशनवर जे सांगितलं नाहीत, तेही खरं आहे. दोन्ही खरं कसं असू शकतं हे मला कुणी शिकवलेलं नाही. तुम्हालाही येत नसेल.

तुम्ही पेन्शनचं बोललात. मी कारखान्यात कुणालाही काही सांगितलेलं नाही. पुढेही सांगणार नाही असं वचन देत नाही. ते मी ठरवीन, आणि ठरवलं की तुम्हाला आधी कळवीन. तुम्ही मला कळवलं नाहीत म्हणून मीही तसं करीन, असं नाही.

फोन ताईच उचलते, पण तिला माझ्याकडून काही कळलेलं नाही. तिला तुम्ही सांगा. ती तुमच्यावर रागावेल, पण रात्रंदिवस काळजी करण्यापेक्षा ते बरं.

आता कामाचं. कच्च्या वहीतली माझी सगळी पानं हवी आहेत, पहिल्या मेडिकलपासून शेवटच्या वर्षापर्यंत. लघवीचं प्रोटीन किती प्लस, आणि रक्त तपासायला लागलात तेव्हापासूनचं प्रत्येक क्रिएटिनिन, तारखेसकट. ताईच्या मोबाइलवरून फोटो पाठवलेत तरी चालेल, पण मूळ पानंही पोस्टाने पाठवा. बाकीच्या लोकांची नावं त्याच पानावर असतील, ती झाकून घ्या. माझं नाव झाकू नका.

कुठे आकडा नीट लागत नसेल तर अंदाजाने भरू नका, शेजारी प्रश्नचिन्ह करा. कुठल्या वर्षी तुम्ही तपासलंच नसेल, तर तपासलं नाही असं लिहा. मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नका. पंधरा दिवसांनी रक्त पुन्हा तपासायचंच आहे, पण पानं पुढच्या मंगळवारपर्यंत पोचली तर डॉक्टरीणबाई त्यांवरूनच स्कॅनचं ठरवणार आहेत."